आधी आपला हिशेब

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पवित्र कुरआनने (५:९०) जुगाराला सैतानी कृत्य ठरविले आहे. तेव्हा या कायद्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु ज्या खेळात पैसा लागत नाही, त्यातही वेळ खर्च होतोच. आरोग्य आणि फुरसत या दोन देणग्यांबाबत बहुतेक लोक फसतात, असा इशारा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिला आहे.

मुलगा रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर लढाई खेळतो, म्हणून आपण रागावतो. त्याच वेळी आपल्या मोबाइलवर काय चालू असते? राजकीय वादावादी, विरोधकांची टवाळी, शहानिशा न करता पुढे पाठविलेले संदेश! मुलाच्या खेळात मरणारी माणसे खोटी असतात. आपल्या संदेशाने ज्याची अब्रू जाते, तो माणूस खरा असतो. बातमीची शहानिशा करा, कोणाची टर उडवू नका, हा सूरह अल्-हुजुरातमधील आदेश आधी आपल्यालाच लागू होतो.

आज इशाच्या नमाजनंतर प्रथम आपला मोबाइल बाजूला ठेवा, मग मुलाला जवळ बोलवा. आयुष्य कशात घालविले, हा प्रश्न न्यायाच्या दिवशी आई-वडिलांनाही विचारला जाणार आहे.