‘ट्रुथ’ शब्दाचा अर्थ आणि सत्यवचनाची कसोटी

सत्य या अर्थी इंग्रजी भाषेत ‘ट्रुथ’ हा शब्द रूढ आहे. संस्कृत ‘सत्य’ शब्दाच्या मुळाशी ‘सत्’, म्हणजे असणारे, हा भाव आहे. इंग्रजी शब्दाचे मूळ निराळे आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ निष्ठा, दिल्या शब्दास जागणे, असा होता. विश्वासवाचक ‘ट्रस्ट’ आणि युद्धविरामवाचक ‘ट्रूस’ हे शब्दही त्याच कुळातील होत. ‘ट्रोथ’ हे तर त्याचेच रूपांतर. १५४९ च्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथातील विवाहविधीत वधूवर एकमेकांस ते देतात. तात्पर्य, सत्य हा आधी मनुष्याचा गुण मानला गेला. वस्तुस्थितीशी जुळणारे विधान हा अर्थ मागाहून प्रबळ झाला.

आजच्या व्यवहारात दोन्ही अर्थ नांदतात. ‘ट्रू स्टोरी’ म्हणजे खरोखर घडलेली हकिकत; ‘ट्रू फ्रेंड’ म्हणजे संकटात न सोडणारा मित्र.

येथे प्रश्न उद्भवतो की, वस्तुस्थितीशी जुळणारे प्रत्येक वाक्य सत्यवचन ठरते काय? घोडा विकणारा त्याचे वय व कूळ बिनचूक सांगतो. परंतु तो लंगडतो हे सांगत नाही. त्याचे एकही वाक्य खोटे नाही, तरी घेणारा फसतोच. म्हणूनच इंग्रजी न्यायालयातील साक्षीदाराच्या शपथेत तीन अंगे आहेत: सत्य, संपूर्ण सत्य आणि सत्यावाचून दुसरे काही नाही.

मग शपथेने तरी हेतू साधतो काय? इंग्लंडातील क्वेकर पंथीयांनी शपथ घेण्यासच नकार दिला. ख्रिस्तवचनात शपथेचा निषेध आहे, हे एक कारण. दुसरे असे की, शपथेवर खरे बोलायचे, तर एरवीच्या बोलण्याचे मोल काय? १६६२ च्या कायद्याने या नकाराबद्दल त्यांस दंड ठरविला. कित्येकांनी बंदिवास सोसला. अखेर १६९६ मध्ये दिवाणी कामापुरते शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञापन मान्य झाले.

इंग्रजी संभाषणात ‘खरे सांगायचे तर’ या अर्थाचा वाक्प्रचार वारंवार येतो. मराठीतही तो आहेच. त्या शब्दांनी मागील भाषण आपोआप संशयित होते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

यावरून निष्कर्ष असा की, वाणीचे सत्य केवळ वाक्यात शोधू नये. ऐकणाऱ्याने ठेवलेल्या विश्वासास जे वचन जागते, तेच पूर्णार्थाने सत्य होय. जो नित्य असे बोलतो, त्यास शपथेची गरज उरत नाही.