घरात निघालेला नाग आणि अहिंसेचा प्रश्न

सोलापूर १९९२च्या हद्दवाढीने शेतशिवारात पसरले. त्या वस्त्यांत उंदीर आले की त्यांच्यामागे नाग आणि घोणसही येतात. श्रावणात वारुळाला दूध-लाह्या वाहणारे घर न्हाणीत नाग दिसताच काठी उचलते. या विसंगतीला केवळ ढोंग म्हणणे अन्यायाचे आहे. भीतीही खरी आणि भक्तीही खरी असते. प्रश्न आहे तो, दंश करू शकणारा जीव दोषी ठरतो का?

महाभारताच्या अनुशासनपर्वात गौतमीचा मुलगा सर्पदंशाने मरतो. व्याध साप पकडून आणतो आणि त्याला मारण्याची परवानगी मागतो. साप मृत्यूकडे बोट दाखवतो, मृत्यू काळाकडे, आणि काळ मुलाच्याच कर्माकडे. हे शेवटचे उत्तर कठोर आहे; लेकरू गमावलेल्या आईला ते कोणी ऐकवू नये. गौतमीचे आधीचे म्हणणे मात्र कर्मसिद्धान्ताविनाही टिकते: सापाला मारून मूल परत येणार नाही.

पण अहिंसा म्हणजे नागाला घरात राहू देणे नव्हे. झोपलेल्या माणसाला मण्यार चावू शकते, आणि त्याचा जीवही तितकाच मोलाचा. म्हणून अंतर राखून सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलावणे, दंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता तडक रुग्णालय गाठणे, हाही धर्माचाच भाग ठरतो. पूजेसाठी नाग पकडणे मात्र त्यात बसत नाही. बत्तीस शिराळ्यातील जिवंत नागांच्या पूजेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये निर्बंध आणले, ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारे.