शू! आजी ऐकतेय



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं, "दोन वर्षांच्या मुलाला टीव्हीवर भजनं लावून दिली तर चालतात ना? कार्टूनपेक्षा बरी." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही हात जोडले. त्या वेळी माझी नात शेजारी बसून तेच बघत होती आणि मी मोबाइलमध्ये मान घालून बसले होते. ते हात मला आज परत घ्यायचे आहेत, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं घर वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या बाजूला. मुलगा-सून दोघं नोकरीला. सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सातपर्यंत चिमी माझ्याकडे. ती अडीच वर्षांची, मी ६४ वर्षांची, आणि माझे गुडघे माझ्याही आधी निवृत्त झालेले. भरवताना टीव्ही लावायची सवय अशी लागली की लावला नाही तर तिचं तोंडच उघडेना. वरणभाताचा घास, डोळे पडद्यावर, तोंड आपोआप उघडं. आपण काय खाल्लं हे तिला कळत नाही, वाटी रिकामी झाली हे मला कळतं. मग दुपारी मी जरा आडवी होते, तेव्हा पुन्हा टीव्ही. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आपलं प्रवचन, तेही टीव्हीवर. एकदा मी कॅलेंडरच्या मागे मिनिटं मांडून बघितली. चार तास झाले. रात्री मुलाने विचारलं तेव्हा मात्र म्हणाले, "बघते थोडा वेळ." हे बोलताना मी भाजी ढवळत होते. वळून बघितलं नाही.

नियम मला ठाऊक नव्हते असं नाही. मुलांच्या डॉक्टरांनी सुनेला लिहूनच दिलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं बरं. आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटनाही असंच सांगते. दोन वर्षांच्या आत काहीच नाही, फक्त दूरच्या नातेवाइकांशी कधीतरी व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. पण मी मनाशी म्हणायची, ते कार्टूनबद्दल आहे. आमच्याकडे भजनं असतात, संस्कार होतात.

मग तो गुरुवार आला. प्रवचन चालू होतं, विषय वात्सल्याचा. चिमीला कुठूनतरी शर्टाचं एक निळं बटण सापडलं होतं. "आजी, बघ." मी म्हटलं, शू. ती पुन्हा आली. पुन्हा शू. तिसऱ्यांदा तिने माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरली आणि माझं तोंड टीव्हीकडून स्वतःकडे वळवलं. मी ते हात काढून खाली ठेवले. "शू! आजी ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी टीव्ही चालू होता आणि तिचा बाबा निघताना पापा घ्यायला वाकला. तिने पडद्यावरची नजर न काढता त्याचं तोंड हाताने बाजूला सारलं आणि म्हणाली, "शू." तो हसला. त्याला वाटलं, काय गोड बोलली!

मला हसू आलं नाही. ते कुठून आलं ते मलाच माहीत होतं. भजन लावायचं की कार्टून, हा प्रश्नच मी चुकीचा धरून बसले होते. टीव्हीवर काय लागलं आहे हे माझ्यासाठी महत्त्वाचं. तिच्या दृष्टीने गोष्ट एवढीच की आजीचं तोंड दुसरीकडे आहे. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल या बाईंनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसवली, ती त्यांच्याशी खेळत, पुस्तकं दाखवत बोलायची. काही बाळांना त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. माणसांत बसलेली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनी ओळखायला शिकली. टीव्हीवाली काहीच शिकली नाहीत. बोलणं तेच, चेहराही तोच, फक्त समोर माणूस नव्हतं.

आपल्यासारख्यांना हे जास्त लागू आहे, बरं का. पुण्यातलं मूल जिन्यात, दुकानात, रिक्षात मराठी ऐकतं. आमच्या चिमीला बाहेर गुजराती, टीव्हीवर हिंदी. मराठी मिळणार ती या चार भिंतींत, माझ्या तोंडून. गायकवाडांच्या राज्यात आलेल्या घराण्यांची मराठी इतक्या पिढ्या टिकली ती ओट्यावर, हिंचक्यावर, स्वयंपाकघरात मोठ्यांच्या तोंडची ऐकून. आणि नुसता चालू असलेला टीव्ही ते तोंडच बंद करतो. अमेरिकेतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २००९ च्या, लहान मुलांच्या अंगावर छोटं रेकॉर्डिंग यंत्र ठेवून मोजलं होतं: टीव्हीचा आवाज एक तास कानावर पडला की मोठ्यांच्या तोंडचे सरासरी ७७० शब्द मुलापर्यंत कमी पोचतात. चार तासांचा हिशोब मी केला आणि मग म्हटलं, चिमी मला "दादी, देखो" का म्हणते याचं नवल कशाला करायचं.

मुलगा म्हणाला, "आम्ही नाही का बघितला टीव्ही?" बघितला की. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा अर्धी गल्ली आमच्या खोलीत असायची आणि हा माझ्या मांडीवर. पण ते संपायचं रे! संपलं की टीव्हीवर विणलेला रुमाल पडायचा. आताचा टीव्ही संपतच नाही. एक गोष्ट झाली की पाच सेकंदांत दुसरी आपली आपण सुरू.

आता अवघड भाग. जुन्या मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी द्यायच्या, बाळागोळी म्हणायचे तिला. मूल दिवसभर निपचित पडायचं आणि आई साच्यावर उभी राहायची. हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. पण त्या बायकांना मी वाईट म्हणू शकत नाही. त्यांच्याजागी मूल धरायला कोणी हातच नव्हता. पुढे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने मोठ्या कारखान्यांत पाळणाघर सक्तीचं केलं, म्हणजे आईला बोल न लावता तिला हात दिला. आपल्या सत्संगात मात्र "हल्लीच्या सुनांना टीव्ही लावून मोकळं व्हायचं असतं" हे वाक्य मी स्वतः दोनदा बोलले आहे. एकटीने मूल सांभाळणारी, कुकर लावून अर्धा तास टीव्ही लावणारी बाई आणि मी, यांत जास्त दोष माझा. तिला पर्याय नाही. मला होता, आणि मी माझ्या सोयीला संस्काराचं नाव दिलं.

म्हणून टीव्ही माळ्यावर टाकला का? नाही. गुडघे तेच आहेत. दुपारची अर्धा तास झोप मला लागतेच, आणि त्या वेळी चिमी टीव्ही बघते. यावर मी बरेच दिवस विचार केला, आणि मला वाटतं, हे चालेल. फक्त त्याला आता मी भजनाची वेळ म्हणत नाही, माझ्या झोपेची वेळ म्हणते. जेवताना बंद. आधी पंधरा मिनिटांत संपणारा भात आता पाऊण तास चालतो, त्यातला निम्मा फरशीवर. पहिले चार दिवस तिने जे आकांडतांडव केलं ते ऐकून शेजारच्या काकू धावत आल्या. त्याच काकू आता मंगळवारी-शुक्रवारी तासभर येऊन बसतात, चिमीशी वाद घालतात आणि मटार सोलतात. प्रवचन मी रात्री ती झोपल्यावर कानात घालून ऐकते. गुरुवारी सर्वांबरोबर ऐकण्यातला आनंद गेला, त्याचं वाईट वाटतं.

कॅलेंडर आता स्वयंपाकघरात दर्शनी लावलं आहे. झालेली मिनिटं मी तारखेखाली लिहिते, मुलगा-सून येता-जाता बघतात. काल चाळीस झाली. तीही लिहिली.