आधी समत्व, मग मैदान



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ३८.

भावार्थ असा: सुख-दुःख, लाभ-हानी, जय-पराजय यांना सारखं मान आणि मग लढायला उभा राहा. अशा लढण्याने तुला पाप लागणार नाही.

हा श्लोक आपल्याला नवा नाही. पण आपण तो काढतो कधी? प्रमोशन हुकलं, इंटरव्ह्यूचा मेल आला नाही, मॅच हरलो, की कोणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणतं, "अरे, जय-पराजय सारखेच." म्हणजे समत्व हे आपल्याकडे हरल्यानंतर लावायचं मलम झालंय. आज श्लोकातल्या एका छोट्या शब्दाकडे बघू या. तो शब्द आहे 'मग'. भगवंतांनी क्रम सांगितलाय: आधी सम हो, मग लढ. लढाई अजून सुरूही झालेली नाही. समत्व ही तयारी आहे, सांत्वन नाही.

हे मला नीट कळलं ते मंगरूळपीरच्या एका शाळेच्या बँडमुळे. माझा मावसभाऊ तिथे खेळाचा शिक्षक आहे आणि शाळेचा बँडही तोच बसवतो. साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा, बासऱ्या आणि पुढे काठी घेऊन चालणारा लीडर. आमच्या वाशिम जिल्ह्याला वाद्याचं कौतुक जुनंच आहे. पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्या इमारतीचा आकारच नंगाऱ्याचा आहे. पण शाळेचा बँड म्हणजे फक्त वाजवणं नाही. वाजवायचं आणि चालायचंही, तेही एका रांगेत. एनसीसी केलेल्यांना आठवत असेल, 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावलं. अर्ध्या सेकंदाला एक पाऊल आणि त्यावर हाताचा ठोका. एकाचा ठोका हुकला तर मैदानावरच्या सगळ्यांना कळतं.

स्पर्धेची शिडीही मोठी आहे. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेत राज्यातून विभागात आणि तिथून प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत अंतिम फेरी. जानेवारी २०२५ मध्ये मेजर ध्यानचंद स्टेडियमवर अंतिम फेरीला १६ संघ होते. अख्ख्या देशातून १६! म्हणजे बाकी सगळ्या शाळांचा मोसम कुठे ना कुठे हरूनच संपतो. मुलांना बँड शिकवणाऱ्याने हे गणित पहिल्या दिवशीच मान्य करायला हवं.

एका वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत एका मुलाच्या हातातून साइड ड्रमची स्टिक पडली. तो घाबरून थांबला, मागचा त्याच्यावर आदळला, रांग मोडली. बँड हरला. रात्री दादाचा फोन आला.

"अरे, पोट्टे एकमेकाशी बोलून नाही राहिले. सगळे त्या एकट्याले म्हणतात, तुयामुळं हारलो. तो म्हणते, सर, मी बँड सोडतो. काय सांगू रे मी त्याले?"

मी विचारलं, "दादा, तू काय केलंस मग?"

"काय करतो? गाडीतून उतरल्यावर कोणाले घरी जाऊ देलं नाही. दहा मिनिटं कदमताल. त्याले मधात उभा केला. वाद्य नाही, काही नाही. फक्त पाय."

फोन ठेवल्यावर मी गीता उघडली. पहिला अध्याय आठवतोय ना? त्याची सुरुवातच जणू बँडने होते. शंख, भेरी, ढोल, गोमुख, नुसता दणदणाट. आणि त्या गजरानंतर काय होतं? त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ धनुर्धराचं तोंड कोरडं पडतं, अंग कापतं आणि गांडीव हातातून निसटू लागतं. हे तिसाव्या श्लोकापर्यंत येतं. विचार करा, ऐन मैदानात, दोन्ही सैन्यांसमोर, हातातली वस्तू सुटतेय. आणि भगवंत त्याला संघातून काढत नाहीत. "दुसरा कोणी बघू" म्हणत नाहीत. रथ तिथेच मधोमध उभा ठेवून शिकवायला सुरुवात करतात.

आता शिकवतात कसं ते बघा. दुसऱ्या अध्यायातल्या ३७ व्या श्लोकात सांगतात की पडलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी, म्हणून ऊठ. हे आपण मुलांना सांगतो तसंच आहे: जिंकलात तर ट्रॉफी, हरलात तर अनुभव. दोन्हीकडे फायदा! आणि लगेच पुढच्या, म्हणजे आजच्या श्लोकात ते हा फायद्याचा हिशोबच बाजूला ठेवायला लावतात. कारण फायद्यासाठी उठलेला माणूस तोटा दिसला की पुन्हा बसतो.

"पाप लागणार नाही" हे शेवटचं वाक्यही मला त्या फोनमुळे समजलं. बँडच्या स्पर्धेत कसलं आलंय पाप? आहे ना. समोरच्या शाळेचा ड्रम फाटावा असं मनात येणं, हे पाप. आणि आपल्याच मित्राकडे बोट दाखवून "तुझ्यामुळे" म्हणणं, हे त्याहून मोठं. स्टिक पडली ही चूक होती. चौदा वर्षांच्या पोराला एकटं पाडलं, ते पाप. जय-पराजय मनात सारखे झाले नसतील, तर हरल्यावर आपल्याला कोणीतरी गुन्हेगार लागतोच. ऑफिसमध्ये रिलीज फसल्यावरच्या मीटिंगा आठवा.

पुढच्या मोसमात दादाने सरावच बदलला. रोज पहिली दहा मिनिटं वाद्याशिवाय कदमताल. मग वाजवताना तो रांगेतून फिरतो आणि मुद्दाम कुणाची तरी स्टिक काढून घेतो. नियम ठरलेला: ज्याची गेली त्याने पाय थांबवायचे नाहीत, हात ठोक्यावर हलवत राहायचे, मान वळवायची नाही. शेजाऱ्याने आपला ठोका सोडायचा नाही. ओळ संपली की दादा स्टिक परत देतो आणि तो मुलगा पुन्हा सुरात येतो.

आपल्या क्षेत्रातल्या मंडळींना हे ओळखीचं वाटेल. नेटफ्लिक्सच्या इंजिनिअरांनी 'केऑस मंकी' नावाचं टूल बनवलं. ते चालू सर्व्हर मुद्दाम, न सांगता बंद पाडतं. का? तर खरा बिघाड येईल तेव्हा सिस्टीम कोसळू नये म्हणून. बिघाड आधीच पचवून ठेवायचा. दादाने हे नावही ऐकलेलं नाही, पण तो तेच करतो. आणि आजचा श्लोकही तेच सांगतो: पराजय आधी मनात पचव, मग मैदानात उतर.

कोणी म्हणेल, सगळं सारखंच मानलं तर मुलं मेहनत कशाला करतील? उलट आहे. हा श्लोक ज्याला सांगितला तो धनुष्य टाकून बसला होता, आणि त्याला मिळालेली आज्ञा 'लढ' अशी आहे, 'राहू दे' अशी नाही. शेगावच्या श्रीगजानन महाराजांची पालखी दरवर्षी आमच्या वाशिम जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. पांढऱ्या वेशातले वारकरी, सरळ रांगा, एका ठेक्यावर टाळ. तिथे कोणी गुण देत नाही, ट्रॉफी नाही. तरी शिस्त अशी की बघत राहावं. बक्षीस नसलं की मेहनत कमी होते हे खरं नाही. भीती कमी होते, एवढंच.

त्या वर्षीही शाळेचा बँड जिल्ह्याच्या पुढे गेला नाही. त्या मुलाने बँड सोडला नाही. परतताना गाडीत पोरं सीटच्या पाठीवर ठोके धरत आली, असं दादा सांगत होता. आता तो मुलगा सहावीतल्या नव्या पोरांना स्टिक धरायला शिकवतो. पहिला धडा कुठला? पडली तर पाय थांबवायचे नाहीत.

आजचा अभ्यास: या आठवड्यात तुमची जी 'स्पर्धा' असेल, परीक्षा, डेमो, इंटरव्ह्यू, काहीही, तिच्या आदल्या रात्री पाच मिनिटं शांत बसा. निकाल विरुद्ध गेलाय असं डोळ्यांसमोर आणा. त्या क्षणी तुमचं बोट कुणाकडे वळतंय ते बघा. ते बोट खाली घ्या, नाम घ्या, आणि सकाळी पूर्ण ताकदीने उतरा.

आणि तुमच्या टीममध्ये कुणाची स्टिक नुकतीच पडली असेल, तर आज त्याला फोन करा.

जय गजानन. राम कृष्ण हरी.