राखून ठेवलेला डाव

तालमीत एक म्हण फार जुनी आहे. वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःपाशी राखून ठेवतो. लहानपणी ही म्हण मला सावधगिरीची वाटायची. उद्या चेला उलटलाच, तर वस्तादाच्या हाती काहीतरी असावं, एवढाच तिचा अर्थ मला लागे. आता वय झाल्यावर ती म्हण पुन्हा पुन्हा मनात येते आणि दर वेळी वेगळी दिसते.

मी आदिलाबाद शहराला लागून असलेल्या मावल्यात राहतो. संध्याकाळी पाय मोकळे करायला तलावाकडे जातो. पऱ्हाटी उपटून मोकळ्या झालेल्या एका रानात दहाबारा पोरं तिथे फुटबॉल खेळतात. ‘इकडे टाक’ मराठीत आणि लगेच ‘इटु, इटु’ तेलुगूत. चेंडूला दोन्ही भाषा कळतात. एक निवृत्त गृहस्थ त्यांना शिकवतात. पोरं त्यांना सर म्हणतात. सरांचा उजवा गुडघा वाकत नाही. बांधावर उभं राहूनच ते सूचना देतात.

परवा त्यांनी नवा नियम केला. चेंडू फक्त डाव्या पायाने खेळायचा, उजवा लागला की चेंडू समोरच्या संघाचा. एरवी हरणासारखी पळणारी पोरं एकदम चालायला शिकणाऱ्या लेकरासारखी दिसू लागली. एका पोराने उजव्या घोट्याला रुमाल बांधून घेतला होता, विसर पडू नये म्हणून. तो रुमालाकडे बघायचा, थबकायचा, पाय बदलायचा, तोवर चेंडू निघून गेलेला असायचा. मी सरांना विचारलं, हे कुठून आणलंत? ते म्हणाले, “रहीमसाहेबांचं आहे हे. आमच्या उस्तादांनी आम्हाला असंच खेळवलं, त्यांना रहीमसाहेबांनी.”

सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादेत 1909 साली जन्मलेला हा माणूस पेशाने शाळामास्तर. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, नंतर क्लबकडूनही खेळले. पण खेळाडू म्हणून त्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही. 1943 साली ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे सचिव झाले, पुढे हैदराबाद सिटी पोलीस संघाला शिकवू लागले, आणि त्यांचं खरं आयुष्य तिथून सुरू झालं. या पोलीस संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 पासून 1954 पर्यंत सलग पाच वेळा जिंकला. ही पोरं बहुतेक हैदराबाद-सिकंदराबादच्या गल्ल्यांतली.

शाळामास्तर हा शब्द मी मुद्दाम वापरला. रहीमसाहेबांची पद्धत वर्गातल्या मास्तरांची होती. दुबळ्या पायाने खेळायच्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धाही भरवल्या, म्हणजे चेंडू आला की लगेच सोबत्याला द्यायचा. ज्याला जे सहज येतं ते काढून घ्यायचं आणि न येणाऱ्या गोष्टीशी त्याला एकटं सोडायचं. चांगला गणिताचा शिक्षक पाढे पाठ असलेल्या मुलाला उलटे पाढे म्हणायला लावतो, त्यातलाच हा प्रकार.

1951 साली दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत त्यांनी शिकवलेल्या भारतीय संघाने इराणला एका गोलने हरवून सुवर्ण मिळवलं. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असं चिरडलं. आपले कित्येक खेळाडू अनवाणी होते. कोणताही शिक्षक अशा निकालानंतर दोनपैकी एक गोष्ट करतो. पोरांना दोष देतो, नाहीतर स्वतः पुन्हा विद्यार्थी होतो. रहीमसाहेब विद्यार्थी झाले. बूट आले, शारीरिक तयारी बदलली, युरोपातल्या संघांची मांडणी त्यांनी अभ्यासली.

इथे मला माझ्या जिल्ह्याची एक तारीख आठवते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य मोडलं. आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेलं, किनवट आणि राजुरा हे आमचेच तालुके मुंबई राज्यात गेले. आमच्या घरांत मामा एका राज्यात आणि भाचा दुसऱ्या राज्यात अशी वाटणी झाली. बरोबर एक महिन्याने, 1 डिसेंबरला, मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांचा संघ यजमान ऑस्ट्रेलियासमोर उभा होता. त्या ताफ्यात अझीझुद्दीन होते, नूर मोहम्मद होते, झुल्फिकारुद्दीन होते, सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा तुळशीदास बलराम होता. मुंबईचा गोवेकर नेव्हिल डिसोझा याने त्या दिवशी तीन गोल केले आणि भारत 4-2 असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. शेवटी भारत चौथा आला. नकाशावरून पुसलं गेलेलं एक राज्य महिनाभराने मैदानावर शाबूत होतं, असं मला वाटतं. आणि ते एका मास्तराने शाबूत ठेवलं होतं.

याच काळात, दूर स्कॉटलंडमध्ये, जॉक स्टीन नावाचा एक बचावपटू खेळ सोडत होता. तो कोळशाच्या खाणीतून आलेला. मॅट बझ्बी आणि बिल शँकली हे त्याचे समकालीन मोठे प्रशिक्षकही स्कॉटलंडच्या खाणवस्त्यांतलेच. आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात बेल्लमपल्ली आणि मंदमर्रीच्या खाणी होत्या, म्हणून मला त्यांचं आयुष्य फार परकं वाटत नाही. भुयारात उतरणाऱ्या माणसाला शेजारचा दिसतो तो फक्त दिव्याच्या उजेडापुरता, पण छत टिकतं ते त्या शेजाऱ्याने रोवलेल्या टेकूवर. स्टीनचा घोटा दुखावला, खेळ थांबला, आणि सेल्टिक क्लबने त्याच्याकडे राखीव संघातली पोरं सोपवली. दहा वर्षांनी, 25 मे 1967 रोजी लिस्बनला, त्याच्या सेल्टिकने इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप जिंकला. त्याचे अकराही खेळाडू ग्लासगोतल्या मैदानापासून तीसेक मैलांच्या आत जन्मलेले. मावल्यातून तीस मैल म्हणजे पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याच्या आसपास. एवढ्याशा टापूतल्या अकरा पोरांनी युरोप जिंकावा, यात मला स्टीनची सगळी श्रद्धा दिसते. माणसं बाहेरून आणायची नसतात, आहेत त्यांच्यातून घडवायची असतात. रहीमसाहेबांनीही तेच केलं होतं.

आता जकार्ता, 1962 चे आशियाई खेळ. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 2-0 असा हरला. थायलंडविरुद्ध जर्नेलसिंगच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. बचावाचा कणाच तो. राजकीय वादामुळे तिथले प्रेक्षक भारतावर चिडलेले, अंतिम सामन्याला स्टेडियमभर लाखभर माणूस विरोधात. आणि रहीमसाहेबांच्या फुप्फुसात कर्करोग. त्या अवस्थेत त्यांनी जर्नेलला मागून काढून आघाडीला उभं केलं. उपांत्य सामन्यात त्याने गोल केला. 4 सप्टेंबरला अंतिम सामन्यात समोर पुन्हा दक्षिण कोरिया. 17 व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीचा गोल, तीन मिनिटांनी जर्नेलचा. निकाल 2-1, सुवर्ण भारताला.

हा तो राखून ठेवलेला डाव. म्हण मला इथे उलगडली. वस्ताद डाव राखतो तो चेला उलटेल या भीतीने, असं आपण धरून चालतो. पण चेल्यावर अशी वेळ येते की त्याचे शिकलेले सगळे डाव संपलेले असतात, अंग जखमी असतं, जग विरोधात असतं. तेव्हा देण्यासाठी वस्तादापाशी एक काहीतरी उरलेलं असावं लागतं.

नऊ महिन्यांनी, 11 जून 1963 रोजी, रहीमसाहेब गेले. वय 53. त्यानंतर आशियाई खेळांत भारताला फुटबॉलचं एकच पदक मिळालं, 1970 चं कांस्य. त्या संघाचा कर्णधार सय्यद नईमुद्दीन हैदराबादचाच, पुढे तोही प्रशिक्षक झाला. साठ वर्षांहून अधिक काळ सुवर्ण नाही, ही गोष्ट मला मनापासून बोचते. एक माणूस गेला आणि देशाचा खेळ खचला, याचा अर्थ आपण त्या माणसावर विसंबलो, त्याच्या शाळेची इमारत मात्र बांधली नाही. विद्या अशी रानोमाळ उरली, उस्तादाकडून उस्तादाकडे, तोंडी. मावल्याच्या बांधापर्यंत ती आली हे भाग्य. पण तिने अशी वणवण करायला नको होती.

त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी थांबलो. रुमालवाल्या पोराच्या डाव्या पायाने अखेर एक पास सरळ गेला, सोबत्याच्या पायाशी थांबला. पोराने सरांकडे पाहिलं. सरांनी नुसती मान हलवली. तेवढ्यात एक चुकार चेंडू बांधाकडे घरंगळत आला. सरांनी ताठ उजव्या पायावर सगळा भार टाकला आणि डाव्याने तो हलकेच परत धाडला, नेमका मैदानाच्या मधोमध. मी नवलाने पाहिलं, तेव्हा म्हणाले, “उजवा गुडघा गेला तेव्हा मला डाव्याची किंमत कळली. यांना दोन्ही शाबूत असताना कळू दे.”