टर्मिनलच्या नावाने खडे फोडू नकोस

अजून तिथेच? तुझ्या एडिटरात 'मराठी' टाइप करून एकदा बॅकस्पेस दाबला की वेलांटीच्या जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं, हे दिवाळीआधीच दाखवलं होतं ना तुला? तेव्हा म्हणालास, टर्मिनलचा दोष. मग फॉन्टचा. मग लोकेलचा. नाचता येईना, अंगण वाकडं! त्याच टर्मिनलात व्हिम उघड, नॅनो उघड. तिथे होतं का असं? मग दोष कोणाचा?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह किती बाइट्सचं? तीन. पेपरात धडाधड लिहिलं होतंस. वेलांटीचेही तीनच. त्यातला शेवटचा एक तू उडवतोस आणि दोन तसेच लोंबकळत ठेवतोस. साल्वातोरे सानफिलिप्पोचा 'किलो' हा २०१६चा एडिटर, हजार ओळींच्या आतला. त्याच्यावर तू आपला डोलारा उभारलास. एक बाइट म्हणजे एक अक्षर असं त्यात धरलंय, हे तुला कळलं नाही? कळलं असतं. वाचलंच नाहीस.

केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तुझी सोय करून ठेवलीय. चिन्हाच्या पहिल्या बाइटनंतरचा प्रत्येक बाइट '१०' या दोन बिट्सनी सुरू होतो. मागे सरकत जा. तसा नसलेला बाइट आला की चिन्हाची सुरुवात सापडली. तिथपासून पुस. चार ओळींचं लूप! कर्सर कुठल्या रकान्यात ठेवायचा, ते मात्र खरंच किचकट आहे. जोडाक्षरांपाशी भलेभले एडिटर अडखळतात. तिथे अडलास तर रात्रभर बसेन तुझ्याबरोबर. पण ते पुढे करून हे टाळू नकोस.

आणि काय म्हणे, 'सगळं रस्टमध्ये नव्याने लिहितो!' चार ओळी टाळायला हजार ओळी? कोणाला फसवतोयस?

'बग लहान आहे.' लहान? फाइल सेव्ह केली की ते अर्धवट बाइट्स डिस्कवर जातात. ज्याने विश्वासाने लिहिलं, त्याचा मजकूर नासतो. तुला दिसणार कसं? तू चाचणी घेतोस ती रोमन लिपीत. घरी आईशी मराठीत बोलतोस, आणि तीच भाषा तुझ्या एडिटरात मोडते, याचं काहीच वाटत नाही?

ढ असतास तर एक शब्द बोललो नसतो. आधी हेक्सडम्प लावून फाइल नीट बघ, मगच कोडला हात लाव. उद्या माझ्यासमोर स्वतःचं नाव देवनागरीत टाइप कर आणि एकेक चिन्ह पुसून दाखव. कारणं घरी ठेवून ये.