चोर, हवालदार आणि हशा

१८९५ साली ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समध्ये जेमतेम पाऊण मिनिटाची एक फिल्म काढली. एक माळी नळीने बागेला पाणी घालतोय. मागून एक पोरगा येतो आणि नळीवर पाय देतो. पाणी थांबतं. काय झालं म्हणून माळी नळीचं तोंड डोळ्यांसमोर धरून आत बघतो, तेवढ्यात पोरगा पाय उचलतो आणि फवारा थेट माळ्याच्या तोंडावर. माळी त्याच्यामागे धावतो, त्याला पकडतो आणि बदडतो. संपली गोष्ट.

सिनेमातली पहिली विनोदी गोष्ट म्हणून तिचं नाव घेतलं जातं. माझ्या मते ती पहिली गुन्हेकथाही आहे. आगळीक, बळी, पाठलाग, अटक, शिक्षा, सगळं तिच्यात आहे. पोरगा निसटू बघतो, तर माळी त्याला धरून पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणतो आणि मगच चोप देतो. शिक्षा प्रेक्षकांच्या देखत झाली पाहिजे, हे सिनेमाला इतक्या लवकर उमगलं होतं. आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नळीवर कोणाचा पाय आहे हे आपल्याला दिसतं, माळ्याला दिसत नाही, म्हणून आपण हसतो. तोच पोरगा झुडपाआड लपवला असता, तर पाणी का थांबलं हे आपल्यालाही कळलं नसतं आणि त्याच प्रसंगाची रहस्यकथा झाली असती. कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला नाही, या एका हिशेबावर दोन्ही प्रकार चालतात.

सिनेमाच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र यांची प्रकरणं वेगवेगळी असतात. गुन्हेपट गंभीर, म्हणून त्यावर चर्चासत्रं. विनोदी चित्रपट हलकाफुलका, म्हणून त्याची रवानगी रविवारच्या दुपारी. ही वाटणी मला कधीच पटलेली नाही. दोघं एकाच घरात वाढले आणि लोकांना कायद्याबद्दल, पोलिसाबद्दल मनातून काय वाटतं, हे गंभीर गुन्हेपटापेक्षा विनोदाने जास्त खरेपणाने सांगितलं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत एडविन पोर्टरने १९०३ साली रेल्वेवरच्या दरोड्याचा चित्रपट काढला. त्यातला दरोडेखोर सरळ प्रेक्षकांवर पिस्तूल रोखून गोळी झाडतो. लोक घाबरले आणि पुन्हा तिकीट काढून आले. पुढे दहा वर्षांच्या आत मॅक सेनेटच्या कीस्टोन स्टुडिओने तोच पाठलाग उचलला आणि त्यात धडपडणाऱ्या पोलिसांची अख्खी फौज घातली. एका गाडीत मावत नाहीत इतके पोलीस, वळणावर गाडीतून सांडणारे, एकमेकांच्या अंगावर पडणारे. त्या काळच्या प्रेक्षकांत स्थलांतरित कामगार पुष्कळ होते. ज्या शिपायाला रस्त्यात वचकून असायचं, तो पडद्यावर चिखलात लोळताना बघायला मिळतो, याचं मोल त्यांना काय वाटलं असेल!

चॅप्लिनचा भटक्या याच शिपायाला चुकवत मोठा झाला. बस्टर कीटनने १९२२च्या ‘कॉप्स’मध्ये ही गोष्ट फार पुढे नेली. एका निरपराध माणसाच्या मागे गैरसमजातून शहरातले सगळे पोलीस लागतात, रस्ताच्या रस्ता गणवेशांनी भरून जातो. शेवटची पाटी येते तेव्हा पडद्यावर थडग्याचा दगड असतो आणि त्यावर कीटनची चपटी टोपी. मूकपटांच्या जमान्यातला हा हसवणारा माणूस असा शेवट करायला धजावला, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. सरकारी यंत्रणा चुकीच्या माणसामागे लागली की काय होतं, याबद्दल त्या वीसेक मिनिटांत जे आहे, ते पुढच्या कित्येक गंभीर चित्रपटांना जमलेलं नाही.

मग आली संहिता. हॉलिवुडच्या निर्मात्यांनी १९३० साली स्वतःवर नैतिक नियम लादून घेतले आणि १९३४पासून ते कडकपणे राबवले जाऊ लागले. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे. परिणाम असा झाला की गुन्हेपटाचा शेवट आधीच ठरलेला. गँगस्टर कितीही रुबाबदार असो, शेवटच्या रिळात त्याला गोळी खायचीच. ज्या प्रकाराचा सगळा जीव ‘आता काय होणार’ यात, त्याच्या हातून शेवटच काढून घेतला. या काचातून वाट काढली ती विनोदानेच. १९३४चाच ‘द थिन मॅन’ बघा. डॅशिएल हॅमेटच्या कादंबरीवरचा, खुनाच्या तपासाचा चित्रपट. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय या नवरा-बायकोचं एकमेकांना चिमटे काढणं. खुनी कोण, हे पाहून आठवड्याने विसरायला होतं.

या गोष्टीचं खरं सोनं मात्र लंडनच्या ईलिंग स्टुडिओत आहे. दुसरं महायुद्ध संपलेलं, रेशनिंग चालूच, सगळा देश शिस्तीने रांगेत उभा. नेमक्या त्या वर्षांत या छोट्या स्टुडिओने सभ्य माणसांच्या गुन्ह्यांवर चित्रपट काढले. ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये (१९४९) आईला घराण्याने टाकलं म्हणून एक तरुण सरदारकीच्या आड येणारे नातेवाईक एकेक करून संपवत जातो आणि त्या घराण्यातली आठही माणसं एकट्या अ‍ॅलेक गिनेसने केली आहेत. खुनी अत्यंत सुसंस्कृत, बोलणं मधाळ. शेवटी तो तुरुंगातून सुटतो आणि दारात त्याला आठवतं, की आपण आपल्या गुन्ह्यांची सविस्तर हकिगत लिहिलेली वही कोठडीतच राहिली. इंग्रजी चित्रपट तिथे थांबतो. अमेरिकेत दाखवताना मात्र ती वही अधिकाऱ्यांच्या हाती लागते, एवढा तुकडा जोडावा लागला. त्या काही सेकंदांनी चित्रपटाचा प्राणच घेतला. फास बसणार की नाही, हे प्रेक्षकावर सोडण्यात जो विश्वास होता, तो त्या तुकड्यात नाही.

‘द लेडीकिलर्स’मध्ये (१९५५) तर कायद्याची गरजच उरत नाही. पाच दरोडेखोर एका म्हातारीच्या घरी भाड्याने खोली घेतात. आम्ही वादक आहोत, असं सांगून आत ग्रामोफोन लावतात आणि दरोड्याचा बेत शिजवतात. म्हातारी दर थोड्या वेळाने चहा विचारायला दार ठोठावते. दरोडा पडतो, बिंग फुटतं आणि ‘हिला कोणी मारायचं’ यावरून ते एकमेकांच्या जिवावर उठतात आणि पाचही जण मरतात. म्हातारी पोलिसांकडे जाऊन खरं खरं सांगते, तर पोलीस समजुतीने हसतात आणि म्हणतात, पैसे तुमच्याकडेच ठेवा. एकटी म्हातारी बाई चौकीत काही सांगू लागली की तिचं कितपत ऐकून घेतात, हे कुठल्याही देशात ओळखीचं वाटेल.

आपल्याकडे चोराच्या कसबावर हसायची परंपरा तर फारच जुनी. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त, जे देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं, शर्विलक चारुदत्ताच्या घराला खिंडार पाडायला येतो. भिंतीसमोर उभा राहून तो विचार करतो, भोक कोणत्या आकाराचं पाडावं? कमळाचं, चंद्रकोरीचं, की भरल्या घड्याचं? मापाची दोरी विसरला आहे, म्हणून गळ्यातल्या जानव्यानेच मोजतो. आत विदूषक मैत्रेय झोपेत बरळतो आणि दागिन्यांचं गाठोडं चोराच्याच हातात देतो. सकाळी चारुदत्त त्या खिंडाराची कलाकुसर बघून दाद देतो! आणि याच नाटकात पुढे न्यायसभा भरते, राजाच्या मेहुण्याच्या धाकाने न्याय वाकतो आणि निरपराध चारुदत्त वधस्तंभाकडे निघतो. चोरी हसत बघावी आणि न्यायाने अंगावर काटा यावा, अशी ही रचना आहे.

मराठी लोकनाट्याने याच्यात हवालदार आणला. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’त दादा कोंडके हवालदार होऊन उभे राहिले आणि १९७५ साली तोच गणवेश ‘पांडू हवालदार’मधून पडद्यावर आला. तिथे एक भोळा पांडू आणि दुसरा अशोक सराफांचा बेरकी सखाराम. वाचकाला झुंजार आणि काळा पहाड बाबूराव अर्णाळकरांच्या पुस्तकांत भेटत होते, पण पडद्यावर मराठी माणसाने आपला म्हणून जवळ केला तो हवालदार. साहेब इंग्रजीत बोलणार, हुकूम वरून येणार आणि उन्हात चौकात उभा राहणार तो हा. त्याच्यावर हसताना प्रेक्षक त्याची कीवही करत होता.

महेश कोठारे यांच्या चित्रपटांना समीक्षकांनी कधी फारसं मनावर घेतलं नाही. ‘थरथराट’पासून ‘झपाटलेला’पर्यंत सगळीकडे गुन्हेगारी कथानकच आहे. स्वतः कोठारे बहुतेकदा सरळमार्गी इन्स्पेक्टर आणि शेजारी लक्ष्मीकांत बेर्डे. ‘झपाटलेला’त (१९९३) गुंड तात्या विंचूचा आत्मा बोलक्या बाहुल्यात शिरतो. कल्पना अमेरिकन भयपटातून आलेली, पण त्या भयपटात जे नाही ते इथे आहे: बेर्डेंचा लक्ष्या खरं सांगतोय आणि कोणी विश्वास ठेवत नाही, हे दुःख आणि हसू एकाच चेहऱ्यावर. बेर्डे घाबरतात तेव्हा सगळं थिएटर हसतं आणि मुलं आईला बिलगतात. हे जमवणं सोपं नाही.

‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८) तुलना मला बिली वाइल्डरच्या ‘सम लाइक इट हॉट’शी (१९५९) करावीशी वाटते. दोन्हींत पुरुष बायकांचा वेश घेतात. वाइल्डरच्या वादकांनी शिकागोत टोळीवाल्यांनी केलेलं हत्याकांड पाहिलंय, म्हणून ते जीव वाचवायला वेश बदलतात. आपल्या सुधीर आणि परशाला पुण्यात भाड्याने जागा मिळत नाही, म्हणून ते बदलतात. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वरून (१९६६) ही गोष्ट आली. टोळीवाल्यांच्या जागी आपल्याकडे घरमालकीण! घर मिळवण्यासाठी चार सज्जन पोरांना तोतयेगिरी करावी लागते आणि बघणाऱ्या एकालाही त्यांचं वागणं चुकीचं वाटत नाही. भाड्याच्या जागेसाठी वणवण केलेल्या माणसांनी हा चित्रपट डोक्यावर घेतला, यात नवल काय?

कुंदन शाह यांच्या ‘जाने भी दो यारों’ने (१९८३) मात्र सगळे हिशेब उलटे केले. मुंबईत नुकताच स्टुडिओ थाटलेले दोन भाबडे फोटोग्राफर. त्यांच्या कॅमेऱ्यात चुकून एक खून टिपला जातो. बिल्डर, महापालिकेचा आयुक्त, आणि भक्ती बर्वे यांनी केलेली संपादक, जी पुराव्याचा वापर सौद्यासाठी करते. ‘ती फुलराणी’त महाराष्ट्राने जिच्यावर जीव लावला, त्या अभिनेत्रीला इतक्या थंड डोळ्यांनी बोलताना बघणं हा धक्काच आहे. आयुक्त डिमेलोचं प्रेत घेऊन सगळे पळतात आणि महाभारताच्या चालू नाटकात घुसतात, तिथे प्रेतालाच द्रौपदी करून उभं करतात. हसून हसून पोट दुखतं. आणि मग शेवट: खुनी मोकळे आणि ते दोघं कैद्यांच्या कपड्यांत, गळ्यावरून बोट फिरवत. हॉलिवुडच्या संहितेने गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असं म्हटलं होतं. इथे शिक्षा झाली, फक्त ती साक्षीदारांना झाली. पुराव्याचे फोटो असून काही होत नाही, हे त्या काळातल्या एकाही गंभीर पोलीसपटाने इतक्या स्पष्टपणे म्हटलं नाही.

टेलिव्हिजनचं गणित निराळं. तिथे पुढच्या आठवड्यात परत यायचं असतं, म्हणून भाग संपताना जग जागेवर बसवावं लागतं. ‘कोलंबो’ने १९७१पासून यातून छान वाट काढली. खुनी कोण हे सुरुवातीलाच दाखवायचं. मग उरतं ते पीटर फॉकच्या चुरगळलेल्या रेनकोटाने श्रीमंत, घमेंडखोर खुन्याला हळूहळू जेरीस आणणं. ल्युमिएरची नळीच ही, फक्त आता पाय माळ्याचा. आपल्याकडे दूरदर्शनवर १९८५ साली पंकज कपूरच्या ‘करमचंद’ने गाजर खात खात तपास केला, तर मराठी ‘एक शून्य शून्य’ने पोलिसांच्या फायलीतल्या गोष्टी साधेपणाने मांडल्या. त्या मालिकेतले शिवाजी साटम १९९८पासून ‘सीआयडी’चे एसीपी प्रद्युम्न झाले. मालिका गंभीर होती, पण बघता बघता लोकांनी तिच्यातलं दरवाजे तोडणं विनोदी करून टाकलं. कोठल्याही चौकीत अर्ज घेऊन बसलेल्या माणसाला ठाऊक असतं, की दार एवढ्या चटकन कोणी तोडत नाही. त्या हसण्यात मालिकेची टिंगल कमी आणि अनुभव जास्त आहे.

आजच्या वेब मालिकांतून हे हसणंच नाहीसं झालंय, याची मला खंत आहे. अंधारलेली दृश्यं, कण्हणारं पार्श्वसंगीत, थकलेला तपास अधिकारी आणि त्याचं बिघडलेलं घर. चकमकीत माणूस मारणारा अधिकारी नायक झाला, तोही याच सुरात. घाबरलेला प्रेक्षक आपोआप बंदूकवाल्याच्या बाजूला सरकतो. विनोद त्याला अडवून विचारतो, की बाबा, हा मेला तो कोण होता? आणि हा साहेब कोणाच्या गाडीतून आला?

मराठीत हसवणाऱ्या नटांची कमी नाही. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’सारख्या कार्यक्रमात पोलीस चौकीवरची प्रहसनं येतात आणि नट ती जीव तोडून करतात. पण त्यांतला चोर भुरटा असतो आणि हवालदार वेंधळा. ज्याच्यावर हसायला धाक वाटावा असा माणूस तिथे येतच नाही. त्याला आणायचं तर विषय दाराशी आहे. मुंबई-पुण्यात जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे. सोसायटीची सभा, दोन कंत्राटदारांचे दोन गट, सही न करणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, नगरसेवकाचा माणूस, आणि तक्रार नोंदवून घ्यावी की नाही हे ठरेना म्हणून साहेबांच्या फोनची वाट बघणारा हवालदार. ‘लेडीकिलर्स’ला लागतं ते सगळं सामान इथे आहे. ते लिहिणारा लेखक आणि त्यातला शेवट न बदलता दाखवणारी वाहिनी, हे दोघं आपल्याला हवे आहेत.